चार सेकंदांचा उशीर

बाबांच्या कॅमेऱ्यात दोनशे चौदा फोटो होते. दोनशे सहा फोटोंत नुसती फांदी, सातांत उडत्या पक्ष्याची शेपटी आणि एकात आईचा कान. पक्षीमित्रांच्या प्रदर्शनाला एक तरी धड फोटो द्यायची बाबांना भारी हौस, आणि मुदतीला दोनच रविवार उरले होते. म्हणून या रविवारी लेक स्टॉपवॉच घेऊन तळ्याकाठी दोघांच्या मागे बसली. चूक तिला तासाभरात सापडली. पक्षी फांदीवर बसला की बाबा आधी आईला कोपराने ढोसत. "अगं, तो बघ! तिकडे नाही, डावीकडे!" आईने "हां, दिसला" म्हटल्यावरच त्यांचं बोट बटणाकडे जाई. सरासरी उशीर चार सेकंद.

"बाबा, आधी बटण दाबा, मग आईला दाखवा."

"आणि तोवर उडाला तर हिला काय दाखवू, कपाळ?"

"फोटो दाखवा की!"

बाबांना पटलं. दोनदा मान डोलावली त्यांनी.

पुढच्या रविवारी दोघं तळ्यावरून परतल्यावर लेकीने मोजलं. फोटो अडतीस, नुसती फांदी छत्तीस, शेपटी दोन. मग आईला विचारून तिने वहीत शेवटचा आकडा लिहिला: आईला दिसलेले पक्षी, अडतीस.