थांब कोणी म्हणायचं

पंप सुरू झाला आणि सासूबाईंनी चपला काढून लादीवर पाय ठेवले. भर दुपार. काँक्रीट इतकं तापलेलं की दवाखान्याचा वॉचमन पायात बूट असूनही जागच्या जागी नाचत होता. सासूबाईंच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. नेहमीपेक्षा वेगळं एवढंच, की आज त्या सुनेकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

सकाळी घरात वाजलं होतं. एकदा तरी 'थांब' मला म्हणू द्या, असं सून म्हणाली होती. मागून मिळाला तर तो शब्द कसला, असं म्हणून सासूबाईंनी तिचं माहेर, तिचा स्वयंपाक आणि तिची उंची, तिन्ही काढली. मुलगा गुमान नळ्या गाडीत भरत राहिला. दोघींच्या मध्ये पडायला त्याला काय वेड लागलं होतं?

त्यांच्या धंद्यात हा शब्द साधा नाही. खचलेल्या लादीला भोकं पाडायची आणि नळीने खाली ग्राऊट सोडायचं, म्हणजे सिमेंट-वाळूचा पातळ लगदा. तो आधी खालची पोकळी भरतो, मग अख्खी लादी उचलतो. पण एकदा उचललेली लादी खाली बसवता येत नाही. केसभर जास्त गेली की गेली, मग घण आणून फोडा. त्यात नळीचा कॉक बंद केल्यावरही ती जराशी चढतेच, म्हणून 'थांब' आधी म्हणावं लागतं. कडेला हव्या त्या उंचीवर दोरी ताणलेली असते, पण सासूबाई दोरीला विचारत नसत. दोरी झालेलं सांगते, पाय होणारं सांगतात, असं त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. त्यांची एकही लादी कधी बिघडली नव्हती, आणि हे त्या कोणाला विसरूही देत नसत.

आजची लादी अपघात विभागाच्या दारापुढची होती. एका अंगाला खचलेली. प्रत्येक स्ट्रेचर उंबऱ्याला आदळायचं आणि वरचा माणूस कळवळायचा. दार बाहेर उघडणारं. लादी जास्त चढली तर दार अडकणार आणि रुग्ण उन्हात पडून राहणार. मोठ्या सिस्टरनी हे इतक्या वेळा बजावलं की शेवटी सासूबाईंनी विचारलं, सुई टोचताना तुमच्या कानाशी कोणी असं बोलत बसतं का. त्यानंतरही सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

लादी हलली. कुठेतरी खोल ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि खचलेली कड वर येऊ लागली. सून भोकाशी वाकलेली, एक हात नळीवर, दुसरा कॉकवर. सगळ्यांचे डोळे सासूबाईंच्या तोंडाकडे लागले होते. सुनेच्या वाट्याला नुसती पाठ.

तोंड काही उघडेना. दाराखालची फट दोन बोटं राहिली, मग बोटभर. मुलाने "आई" म्हणून हाक मारली. आईने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

सुनेच्या तळहाताखाली नळी इतका वेळ थरथरत होती. ती आता ताठ झाली. तिने वर पाहिलं. हात कमरेवर, मान सरळ. ती पाठ काही बोलायला तयार नव्हती.

"थांब," सून म्हणाली आणि तिने कॉक फिरवला.

मुलाने घाबरून पंप बंद केला. त्या घरात हा शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. लादी आणखी किंचित चढली, दोरीला टेकली आणि तिथेच राहिली. सिस्टरनी पुढे होऊन दार ढकललं. ते कुठेही न घासता भिंतीपर्यंत गेलं. त्यांनी लगेच एक स्ट्रेचर आणवलं. त्यावरचे आजोबा डोळे मिटून झोपले होते. उंबरा ओलांडून आत गेले तरी झोपलेलेच.

मुलगा मात्र बायकोवर तुटून पडला. आईच्या आधी तोंड उघडलंच कसं, लादी वाया गेली असती तर काय केलं असतं, अब्रू कोणाची गेली असती. सून ओली बोटं पुसत उभी राहिली. माफी मागावी असं तिला वाटत नव्हतं, आणि याचीच तिला भीती वाटत होती.

सासूबाईंनी खाली वाकून, नीट बघून, एकेक पाय चपलेत घातला. गप रे, एवढंच त्या मुलाला म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून वॉचमनसुद्धा दोन पावलं मागे सरला.

"माझे पाय बधिर होऊन वर्ष उलटलं," त्या म्हणाल्या. "तू ओठ दातात धरलास की मी 'थांब' म्हणायचे. आज पाठ केली नसती तर जन्मभर ओठच चावत बसली असतीस."