बरोबर काय न्यायचं

“विमानात चढल्यावर शाकाहारी म्हणून सांगून उपयोग नाही. तिकीट काढतानाच नोंदवायचं,” शेषगिरी वकील म्हणाले. “नाहीतर बसा नुसता ब्रेड चावत.”

कुसुमनं वहीत लिहून घेतलं. ती आणि तिचा नवरा सुमंत पुढच्या आठवड्यात मुलाकडं न्यू जर्सीला निघाले होते, सुनेच्या बाळंतपणासाठी. पहिलाच परदेश. सप्तापुरातला माणूस परदेशी निघाला की आधी वकिलांच्या पाया पडायचा आणि मग देवाच्या. चार वर्षांपूर्वी वकील सपत्नीक लेकीकडं अमेरिकेला दोन महिने राहून आले होते. तेव्हापासून कोर्टापेक्षा हीच वकिली जोरात चालली होती. फी काही नव्हती, मुकाट ऐकून घेतलं की झालं.

“मेतकूट, शेंगाचटणी खुशाल न्या. पण डबे बंद पाहिजेत आणि वर इंग्रजीत नाव. पिझ्झा खा की, काय बिघडतंय? फक्त वर काय घातलंय ते आधी विचारा. आणि दही घेताना साधं म्हणून सांगा. आम्ही एकदा व्हॅनिलाच्या दह्याची कढी केली होती!”

सुमंत पोट धरून हसला. वकिलांच्या पत्नी शालिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्याही हसल्या. त्यांच्या मांडीवर ताट होतं. कुसुमनं येताना केलगेरीच्या बागेतले आपूस आंबे आणले होते, त्यांच्या फोडी चालल्या होत्या. हात कोपरापर्यंत रसानं भरले होते.

“आंबे नेता येतील का हो?” कुसुमनं विचारलं. “पोराचा फार जीव आहे यांच्यावर. दोन तरी?”

वकिलांनी कपाळाला हात लावला. या प्रश्नाची ते वाटच बघत होते.

“आंब्याचं नाव काढू नका! आमच्या हिनं काय केलं ऐका. सहा आंबे, इरकली साडीच्या घडीत गुंडाळून बॅगेत. मला पत्ता नाही! तिथं उतरलो तर एक बुटकं कुत्रं आलं आणि आमच्या बॅगेपुढं ठाण मांडून बसलं. कस्टमच्या साहेबानं बॅग उघडली. एकेक आंबा टेबलावर. म्हणाला, कुणाचे हे? मी म्हटलं, साहेब, बायकोनं घातलेत. अडाणी आहे हो ती, लिहितावाचता येत नाही, तिला काय कळतंय? सोडलं बघा!”

सुमंत पुन्हा हसला. वकीलही हसले, आणि सवयीनं त्यांनी बायकोच्या खुर्चीकडं पाहिलं.

खुर्ची रिकामी नव्हती. एरवी ही गोष्ट इथवर आली की शालिनीबाई “चहा बघते” म्हणून आत जायच्या. चार वर्षं वकिलांना ते चहासाठीच वाटत होतं. आज मांडीवर ताट होतं आणि हात बरबटलेले होते, त्यामुळं त्यांना उठता आलं नव्हतं. सुरी थांबली होती. मान खाली होती आणि कान लालबुंद झाले होते.

“बाईंना अडाणी म्हणालात?” कुसुम हसली नव्हती. “मला बाईंनीच गणित शिकवलं हो. आठवी ते दहावी. त्या नसत्या तर मी दहावी झाले नसते.”

वकिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सहा आंबे त्यांनीच आणले होते, नातवासाठी. साडी त्यांनीच कपाटातून ओढून काढली होती. “नको हो, तिथं चालत नाही,” असं बायको दोनदा म्हणाली होती. आणि साहेबापुढं ती शेजारीच उभी होती. तिला इंग्रजी चांगलं कळत होतं. त्या दिवसानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि ते स्वतः मात्र गावभर सांगत सुटले होते.

“खोटं आहे ते,” वकील म्हणाले. सुमंत अजून हसतच होता, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. “खोटं आहे, सुमंत. आंबे मी घातले होते. फॉर्मवर खायचं काही नाही म्हणून मीच लिहिलं, सही माझी. साहेबानं विचारल्यावर मी घाबरलो आणि हिच्याकडं बोट दाखवलं.”

सुमंतनं मांडीवर थाप मारली.

“बघ कुसुम, याला म्हणतात नवरा! बायकोला वाईट वाटलं की लगेच सगळं आपल्या अंगावर घेतलं. वकीलसाहेब, शालिनीअक्कांची केस शेवटी घेतलीच की हो तुम्ही!”

“अहो नाही, मी खरंच सांगतोय...”

“इर्ली बिड्री! असू दे हो, आम्हाला कळतंय की,” सुमंत डोळे पुसत म्हणाला.

वकिलांनी चार वर्षं खोटं इतकं रंगवून सांगितलं होतं, आणि खरं सांगायला त्यांना धड दोन वाक्यं सुचेनात.

शालिनीबाईंनी उरलेला आंबा कापून संपवला. ताट पाहुण्यांपुढं ठेवलं आणि त्या पदराला हात लागू न देता उठल्या. आत जाता जाता कुसुमपाशी थांबल्या.

“आपली बॅग आपण भरायची, कुसुम. आणि किल्ली आपल्यापाशी ठेवायची.”

सुमंत हसला. कुसुमनं वही उघडली. पानावर सगळ्यात वर थोडी जागा होती, तिथं तिनं ते लिहून घेतलं.