पहिलं पान

"पोथी कुठाय?" मुनशीजींनी ओटीवर पाय ठेवता ठेवता विचारलं, आणि श्रीपती पारसनीस लगबगीनं उठलेच! ही पोथी वाचू शकणारा माणूस मुंबईच्या आगबोटीतून उतरून थेट त्यांच्या घरी आला होता. तीस वर्षं ते अशा कुणाची वाट बघत होते.

आडनाव पारसनीस, म्हणजे फारसी लिहिणारं घराणं. आणि आता घरात एकालाही त्यातलं एक अक्षर येत नव्हतं! पोथी खापरपणजोबांच्या हातची, एवढंच ऐकलेलं. पण त्यांचं नाव काय? श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात. चौथं कधीच हरवलं होतं. शेजारचे आत्मारामपंत तर हसायचे, "कसले खापरपणजोबा! बाजारातून आणलीन असेल कुणीतरी." श्रीपतींना ते फार झोंबायचं.

श्रीपतींच्या पत्नी कमलाताईंनी देव्हाऱ्यातून पोथी आणली. दर दसऱ्याला पहिलं पान उघडायचं, पळीभर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहायचं. सासूबाई करायच्या, त्यांच्याही सासूबाई करायच्या. एक वर्ष चुकलेलं नाही.

मुनशीजींनी पोथी घेतली, पालथी केली आणि उघडली. "फारसी उजवीकडनं सुरू होते," म्हणाले, आणि पानावर वाकलेच. काय ती अक्षरं! काळीभोर, ओहोटीला रेतीत टेकलेल्या होड्यांसारखी एका अंगावर कललेली.

"सुभानल्ला! कुणाचा हात हा?"

"तेच तर विचारायचंय हो तुम्हाला!"

"मग सोपं आहे. लिहिणारा आपलं नाव, गाव, साल सगळं शेवटच्या पानावर लिहितो. रिवाजच आहे तो."

गडग्यापलीकडून आत्मारामपंत ओरडले, "काय हो पारसनीस, कुणाची निघाली?"

"थांबा, सांगतो आता!" श्रीपती ओरडले. आयुष्यात एवढ्या जोरात ते कधी बोलले नसतील. मुनशीजी भराभर पानं उलटत होते. श्रीपती पुढे पुढे सरकत होते. शेवटचं पान आलं.

पिवळंजर्द. मधे कुंकवाचे डाग. आणि नाव असायचं तिथे नुसता राखाडी ओघळ.

"काजळाची शाई," मुनशीजी हळूच म्हणाले. "पाणी लागलं की गेली. इथे पाणी कुणी घातलं?"

कमलाताई वाकल्या. बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर आपलं पहिलं पान."