छप्पन्न व्होल्ट

गोदामातल्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या पुरत्या भरत नव्हत्या, म्हणून चार्जर बघायला म्हातारे मिस्त्री आले होते. सकाळीच त्यांनी आतलं जळकं सर्किट कार्ड बदललं, वायरी आवळल्या, तरी व्होल्टेज काही एका जागी ठरेना. मीटरच्या पिना टेकवल्या की आकडा छप्पन्न, लगेच एकोणीस, मग शून्य, पुन्हा छप्पन्न. चाळीस वर्षांत कुठल्या चार्जरनं त्यांना असा घाम फोडला नव्हता. शेवटी वैतागून त्यांनी नवं कार्डही काढायला घेतलं.

फोर्कलिफ्ट चालवणारी बाई मघापासून बघत होती. मीटरकडे नाही, त्यांच्या हातांकडे.

"काका, द्या बघू इकडे. मी धरते, तुम्ही वाचा."

तिनं पिना टेकवल्या. छप्पन्न. मिनिटभर आकडा जागचा हलला नाही.

मिस्त्रींनी आपले थरथरते हात हळूच खिशात घातले.

तेवढ्यात मॅनेजर दारात आला. "काय हो, सापडला का बिघाड?"

मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाली, "तो त्यांनी सकाळीच काढला, आता नुसतं तपासतोय. आणि साहेब, या कामाला दोन माणसं लागतात. पुढच्या वेळी काका आले की आधी मला हाक मारा."