मडक्यातली बोटं

रूपालीच्या खानावळीत येसर आमटी मातीच्या मडक्यातच शिजायची. डाळ पिशोरची, मडकं पाचोडच्या बाजारातलं. त्या चवीसाठी सिडकोतली माणसं दुपारी दाराशी ताटकळत उभी राहायची.

एकदा मडकं घासताना तिच्या हाताला तळाशी खळगे लागले. ओल्या मातीत दाबावेत तसे चार बोटांचे ठसे होते. बोटं लहान लेकराची वाटत होती.

बाजारच्या दिवशी तिनं मडकं कडुबा कुंभारापुढं ठेवलं.

"मामा, घडवताना तळाशी कुणी बोटं दाबली होती का?"

कडुबानं आत हात फिरवला. "नाय बाई. अन् भाजल्यावर माती दबती व्हय?" मग त्याचा हात मधेच अडला. "तळाशी म्हणलीस ना? हे तर मधी हायेत."

रूपालीनं चाचपून पाहिलं. ठसे खरंच वर सरकले होते.

तिनं दुसरं मडकं घेतलं. पण त्यातल्या आमटीला गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. शेवटी तिनं मुकाट्यानं जुनंच शेगडीवर चढवलं. घासताना मात्र ती आत हात घालायची नाही, नुसतं पाणी खळखळवून ओतायची.

आज भर दुपारी आमटीला उकळी आली. बाहेर ताटं मांडून झाली होती. मडकं उतरवायला तिनं फडकं पुढं केलं आणि ती तशीच थबकली. काठावर चार खळगे होते, आतून बाहेर वळलेले, कुणी काठ घट्ट धरावा तसे.

तिच्या डोळ्यांदेखत त्यांच्या शेजारी माती दबली आणि दुसऱ्या हाताची बोटं उमटली.