रुग्ण आणि दाता

"रुग्ण आणि दाता असे दोन वेगळे क्लास, म्हणजे नोंदींचे दोन वेगळे साचे, नकोत, सर. माणूस एकच असतो, भूमिका बदलते," हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं डिझाइन बघून प्रोग्रामर इरावती म्हणाली.

"आता वेळ नाही," म्हणत टीम लीड सुधन्वाने विषय संपवला. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

पुढे त्या हॉस्पिटलात एक आई मुलाला किडनी द्यायला दाखल झाली. तिच्या पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची जुनी नोंद 'रुग्ण' म्हणून होती; 'दाता' म्हणून उघडलेल्या पानावर ती दिसलीच नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर तिचा श्वास कोंडला.

हॉस्पिटलची तक्रार येताच सुधन्वाने इरावतीला फोन लावला. "तुझं बरोबर होतं. दोन्ही क्लास एकत्र करतोय."

"त्या बाई कशा आहेत?" तिने विचारलं.

ते हॉस्पिटलला विचारायचं सुधन्वाला सुचलंच नव्हतं.