सात चकत्या

एर्मेसची सातवी चकती नोएमीने स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकली, आणि वालेरिओला दोन चमचे साखर घातलेली कॉफीही कडू लागली.

घाटमाथ्यावरच्या तिच्या कॅफेची ही रीत होती. दर रविवारी खालच्या गावांतले मोटरसायकलवाले वळणं घेत वर येत. त्यांच्या चामडी सूटच्या दोन्ही गुडघ्यांवर प्लॅस्टिकची एकेक चकती असे. वळणावर गाडी फार कलली की चकती रस्त्याला घासे. घासून घासून ती कागदासारखी पातळ झाली की मालकाच्या नावासकट भिंतीवर जाई, आणि तो मालक त्या दिवशी गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसे. म्हणजे नोएमीच्या अगदी जवळ.

वालेरिओ गावचा न्हावी. दहा वर्षं गाडी चालवत होता आणि चार वर्षं त्या खुर्चीकडे बघत होता. त्याच्या चकत्यांवरचं कंपनीचं नाव अजून स्वच्छ वाचता येई. एर्मेस त्याचा शाळेपासूनचा दोस्त, पण तो कधी कुणाबरोबर घाट चढत नसे. सगळ्यांच्या तासभर आधी येऊन, गाडीचं मागचं चाक झुडपात घालून, तो खुर्चीत ऐसपैस बसलेला असायचा. ‘माझ्या वेगाला तुम्ही पुरे पडणार नाही रे,’ असं वर ऐकवायचा. वालेरिओला ते खरं वाटे, म्हणूनच जास्त झोंबे. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवतानासुद्धा त्याला त्या सात चकत्या दिसत.

सोमवारी दुकान बंद असतं. वालेरिओने पॉलिश पेपर आणला, दार लावून घेतलं आणि दोन्ही चकत्या मनसोक्त घासल्या. काम छान जमलं. मग त्याला हाव सुटली. गुडघा काय, एर्मेसही टेकवतो. कोपर कुणी टेकवलंय? त्याने सूटची डावी बाही मांडीवर घेतली आणि कोपरावरचं जाड चामडं घासायला सुरुवात केली. शिवणीचे दोरे वर आले तेव्हाच तो थांबला. बाहीतली कोपर वाचवणारी कडक वाटी आता बाहेरून उठून दिसत होती. त्याने तीही काढून खणात टाकली.

रविवारी नोएमीने त्याची चकती हातात घेतली, पण तिची नजर गेली बाहीवर.

“वालेरिओ! तू कोपर टेकवलंस?”

“मी कुठे टेकवलं? रस्ताच वर आला.”

ती खळखळून हसली. त्या खरखरीत चामड्यावरून तिने बोट फिरवलं आणि एर्मेसला म्हणाली, “ऊठ रे, आज ती खुर्ची याची.”

एर्मेस निमूटपणे उठला. त्या कोपराकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला. जळतोय लेकाचा, जळू दे, वालेरिओ मनात म्हणाला. चार वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

“पुढच्या रविवारी मलाही मागे बसव,” निघताना नोएमी म्हणाली.

हे ऐकून वालेरिओ हवेतच गाडीवर बसला. एर्मेस त्याच्या पाठोपाठ निघाला. तिसऱ्या वळणावर चेस्टनटची ओली पानं पडली होती. पुढचं चाक सरकलं. वेग असा काही नव्हता, सायकलवाल्यालाही गाठता आलं असतं. वालेरिओ डाव्या अंगावर पडला, थोडा घसरत गेला आणि हसत हसत उठून बसला. मग त्याचं बाहीकडे लक्ष गेलं. घासलेल्या जागी चामडं ओल्या कागदासारखं फाटलं होतं, आणि आत मांस की हाड, काय दिसत होतं ते त्याला बघवेना.

मदतीला पहिला आला गावातला सत्तरीचा गाउदेन्झिओ, आपल्या खोकणाऱ्या स्कूटरवरून. एर्मेस त्याच्याही नंतर पोहोचला. वालेरिओ तेव्हा वेदनेने कळवळत होता, त्याला त्याचं काही वाटलं नाही.

“हेल्मेट, हातमोजे, बूट, सगळ्यांनी आपापलं काम केलं,” इस्पितळातली डॉक्टर बाई म्हणाली. “एवढ्याशा पडण्यात कोपराला खरचटायलाही नको होतं. सूट तिथेच कसा फाटला, कळत नाही. नस दुखावली आहे. करंगळी आणि शेजारचं बोट पुन्हा चालेल का, आत्ताच सांगता येत नाही.”

वालेरिओने डाव्या हाताकडे पाहिलं. कंगवा धरायचा हात तो.

डॉक्टर बाई गेली. एर्मेस खाटेशेजारी बसला होता, मांडीवर कापून काढलेला सूट. फाटलेल्या कडेवरून तो अंगठा फिरवत होता.

“किती नंबरचा घेतलास?”

“काय?”

“पॉलिश पेपर.”

वालेरिओने तोंड भिंतीकडे वळवलं. संपलं. आता हा वर जाऊन नोएमीला सांगणार, सगळा घाट हसणार, आणि खुर्ची कायमची याची होणार.

“ऐंशीचा,” तो पुटपुटला.

एर्मेसने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

“मी साठचा घेतो,” तो म्हणाला. “सातही चकत्या घरीच घासल्या. टायरच्या कडा कोऱ्याच दिसतात, म्हणून मागचं चाक झुडपात घालतो. पण चकत्याच रे, गाढवा. चामड्याला कुणी हात लावतं का?”